मलबार हिलची संध्याकाळ आणि इंदूरची गादी

एका नर्तकीच्या अपहरणाचा प्रयत्न फसला, एका तरुण व्यापाऱ्याचा खून झाला आणि एका महाराजांना सिंहासन सोडावे लागले. खुनाच्याच वर्षी या घटनेवर मुंबईत चित्रपटही निघाला. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या आयुष्याची ही कहाणी...

(प्रतिनिधी)

धुळे शहरातून बाहेर पडून मुंबई-आग्रा महामार्गाने उत्तरेकडे निघाले, की सोनगीरचा किल्ला मागे पडतो. तापी ओलांडली, की शिरपूर येते आणि मग सातपुडा चढून हा रस्ता सेंधव्यामार्गे इंदूरकडे जातो. खान्देशातील माणसाला इंदूर कधीच परके वाटले नाही. नातीगोती, व्यापार, शिक्षण अशा नाना कारणांनी येथील लोकांची तिकडे ये-जा असते. या रस्त्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या मुंबईत १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी एक गुन्हा घडला. त्याचे धागेदोरे शोधत पोलिस थेट इंदूरपर्यंत पोहोचले. इतिहासात तो बावला खून खटला म्हणून ओळखला जातो.

रहस्यपट पाहणाऱ्यांना या घटनेतील सारे काही ओळखीचे वाटेल. धावती मोटार, तिला अडविणारी दुसरी मोटार, सुंदर तरुणीला ओढून नेण्याचा प्रयत्न, गोळीबार, ऐन वेळी धावून आलेले अनोळखी लोक, मग पोलिसांचा तपास आणि न्यायालयातील उलटतपासणी. फरक एवढाच, की येथे पटकथा लिहिणारा कोणी नव्हता. पटकथा नंतर लिहिली गेली. ती ज्यांच्या भोवती फिरत होती, ते तुकोजीराव होळकर त्या संध्याकाळी मलबार हिलवर नव्हते. तरीही त्या काही मिनिटांनी त्यांच्या आयुष्याचे सरळ दोन भाग केले.

तळोद्याचे नाते

होळकर घराण्याचे खान्देशाशी असलेले नाते फार जुने आहे. घराण्याचे संस्थापक सुभेदार मल्हारराव होळकर यांचे बालपण तळोदे येथे त्यांचे मामा भोजराज बारगळ यांच्याकडे गेले. तेव्हा हा भाग खान्देशात गणला जाई. आज तो नंदुरबार जिल्ह्यात आहे. मामांचीच कन्या गौतमाबाई पुढे मल्हाररावांच्या पत्नी झाल्या. पेशवाईच्या काळात खान्देशातील अनेक परगणे होळकरांकडे होते. महिदपूरच्या लढाईतील पराभवानंतर जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि सातपुड्याच्या दक्षिणेकडील आपला मुलूख होळकरांना इंग्रजांच्या स्वाधीन करावा लागला.

या तहाची एक दुःखद आठवण आजच्या शिरपूर तालुक्यातील थाळनेर येथे आहे. तापीकाठचा हा किल्ला ताब्यात घेण्यासाठी फेब्रुवारी १८१८ मध्ये जनरल हिस्लॉप फौजेसह आला. किल्ला सहजासहजी हाती आला नाही. तो पडल्यानंतर आतील शिबंदी कापून काढण्यात आली आणि तहानंतर प्रतिकार केला, या आरोपावरून किल्लेदार तुळशीराम यास फाशी देण्यात आले. या फाशीवरून पुढे ब्रिटिश पार्लमेंटमध्येही प्रश्न उपस्थित झाले. हुकूम कोणाचा होता, किल्लेदाराला तहाची नेमकी कल्पना होती की नव्हती, याची शहानिशा होण्यापूर्वीच चाकराचा जीव गेला होता. सुमारे १०० वर्षांनी होळकरांच्या चाकरांवरच पुन्हा तशी वेळ आली. मात्र या वेळी त्यांच्या हातून एका निरपराध माणसाचा खून झाला होता.

बालराजा ते महाराज

तुकोजीरावांचा जन्म २६ नोव्हेंबर १८९० रोजी झाला. वडील शिवाजीराव होळकर यांचे इंग्रज अधिकाऱ्यांशी कधी पटले नाही. त्यांच्या लहरी स्वभावाच्या अनेक कथा माळव्यात सांगितल्या जातात. अखेर १९०३ मध्ये त्यांना गादीवरून दूर व्हावे लागले आणि अवघ्या १२ वर्षांचे तुकोजीराव महाराज झाले. बापाला पायउतार होताना पाहिलेल्या या मुलाच्या वाट्याला पुढे तोच प्रसंग यावा, हा दैवाचा खेळ म्हणावा लागेल.

अजमेरच्या मेयो कॉलेजमध्ये शिक्षण घेतल्यानंतर १९११ मध्ये तुकोजीरावांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले. पुढील दीड दशकात इंदूरचा चेहरामोहरा बदलला. कापडगिरण्या वाढल्या आणि शहर माळव्याची औद्योगिक राजधानी झाले. प्लेगने गांजलेल्या या शहराचा आराखडा तयार करण्यासाठी दरबारने विख्यात नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना पाचारण केले. त्यांचा १९१८ चा अहवाल नगररचनेच्या अभ्यासकांना आजही महत्त्वाचा वाटतो. १९१७ चे मराठी साहित्य संमेलन इंदुरात भरले. पुढच्याच वर्षी तेथे झालेल्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद महात्मा गांधींनी भूषविले. १९२३ मध्ये क्रिकेटपटू सी. के. नायडू होळकरांच्या निमंत्रणावरून इंदुरात स्थायिक झाले. लालबाग राजवाड्याचे वैभवही याच काळातील.

सामाजिक बाबतीतही तुकोजीराव काळाच्या पुढे होते. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज आणि होळकर यांच्यातील स्नेहातून मराठा आणि धनगर समाजांत विवाहसंबंध जोडण्याचा विचार पुढे आला. तुकोजीरावांचे पुत्र यशवंतराव यांचा विवाह कागलच्या घाटगे घराण्यातील कन्येशी झाला, तो याच विचारातून. जातीची बंधने पोलादी असलेल्या त्या काळात ही घटना लहान नव्हती.

अशा कर्तबगार राजाचे नाव आज निघते ते मात्र गेडिस यांच्या आराखड्यासाठी नाही, की साहित्य संमेलनासाठीही नाही. ते निघते मुमताज बेगमच्या नावाबरोबर.

परत न जाण्याचा निर्धार

मुमताज गाणाऱ्या-नाचणाऱ्यांच्या घराण्यातील मुलगी. लहान वयातच ती आईबरोबर इंदूरच्या दरबारी आली आणि महाराजांच्या मर्जीतील झाली. सुमारे १० वर्षे ती त्यांच्या आश्रयाला होती. परदेश दौऱ्यातही ती महाराजांच्या लवाजम्यात होती. दागदागिने, नोकरचाकर यांची कमतरता नव्हती; नव्हते ते केवळ स्वातंत्र्य. आपल्यावर सतत पहारा असे, असे तिने पुढे न्यायालयात सांगितले. इंदुरात आपल्याला मुलगी झाली आणि जन्मानंतर तिला मारून टाकण्यात आले, हा तिचा आरोप सर्वांत हादरवून टाकणारा होता. त्यानंतर तेथे राहण्याची इच्छा उरली नाही, असे तिचे म्हणणे होते. या आरोपाची स्वतंत्र चौकशी होऊन तो खरा की खोटा, हे कधीच ठरले नाही.

मसुरीला जाण्यासाठी निघालेल्या मुमताजने दिल्लीत पुढच्या प्रवासाला नकार दिला आणि ती संस्थानच्या माणसांच्या हातून निसटली. अमृतसर, नागपूर असे करत ती मुंबईत आली. तिला परत नेण्यासाठी संस्थानशी संबंधित माणसे तिच्या मागावर होती. आमिषे दाखविली गेली, दबाव आणला गेला; पण ती बधली नाही. मुंबईत अब्दुल कादर बावला या तरुण, श्रीमंत मेमन व्यापाऱ्याने तिला आश्रय दिला. तिला सोडून द्यावे, असे इशारे बावला यांनाही मिळू लागले. त्यांनीही ते मानले नाहीत.

त्या काळचा विचार केला, तर या नकाराचे मोल कळते. संस्थानिकाच्या आश्रयाला असलेल्या नर्तकीने स्वतःच्या इच्छेने निघून जावे, ही कल्पनाच दरबारी रीतीत बसणारी नव्हती. राजाच्या जामदारखान्यातील दागिन्याप्रमाणेच तिच्याकडे पाहिले जाई. दागिना हरवला, की तो शोधून आणायचा, एवढेच चाकरांना ठाऊक. या सबंध प्रकरणाचे मूळ या एका समजुतीत आहे.

ती काही मिनिटे

१२ जानेवारी १९२५ रोजी सायंकाळी बावला, मुमताज आणि बावला यांचे व्यवस्थापक मॅथ्यू हे मोटारीतून मलबार हिलवर फिरावयास निघाले. हँगिंग गार्डनच्या परिसरातील गिब्ज रोडवर मागून आलेल्या एका लाल मॅक्सवेल मोटारीने त्यांना धडक दिली. तीतून उतरलेल्या सशस्त्र लोकांनी बावला यांच्या मोटारीला गराडा घातला आणि मुमताजला ओढून काढण्याचा प्रयत्न केला. बावला यांनी विरोध करताच त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. मॅथ्यू जखमी झाले. मुमताजच्या चेहऱ्यावर सुऱ्याचे वार करण्यात आले.

अपहरण यशस्वी झाले असते, तर कदाचित या गुन्ह्याचा मागमूसही लागला नसता. पण नेमक्या त्याच वेळी गोल्फ खेळून परतणाऱ्या काही ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांची मोटार तेथे आली. लेफ्टनंट सेगर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे शस्त्रे नव्हती. हाती होत्या त्या गोल्फच्या काठ्या. त्या घेऊनच ते हल्लेखोरांवर तुटून पडले. सेगर्ट यांना गोळ्या लागल्या, तरी मुमताजला त्यांनी हल्लेखोरांच्या हाती लागू दिले नाही. पाठोपाठ कर्नल व्हिकरी यांची मोटारही येऊन पोहोचली. काही हल्लेखोर जागीच सापडले, बाकीचे पळाले. बावला यांचा काही तासांतच रुग्णालयात मृत्यू झाला.

हे अधिकारी त्या रस्त्याने सहज म्हणून चालले होते. एखाद्या चित्रपटात असा योगायोग दाखविला असता, तर समीक्षकांनी लेखकाला बोल लावला असता. पण हा तपशील पुढे न्यायालयात शपथेवर नोंदविला गेला. हल्लेखोरांना अपेक्षित नसलेले आणि दडपणाखाली न येणारे साक्षीदार त्यामुळेच सरकारपक्षाला मिळाले.

तपास इंदूरच्या दारात

मुंबईचे पोलिस आयुक्त पॅट्रिक केली यांच्या नेतृत्वाखाली तपास सुरू झाला. पकडलेल्या आणि ओळख पटलेल्या आरोपींपैकी अनेकांचा इंदूरशी संबंध असल्याचे लवकरच स्पष्ट झाले. संस्थानच्या पोलिस दलातील एक रिसालदार त्यांत होता. संस्थानच्या लष्करातील वरिष्ठ अधिकारी आनंदराव फणसे यांच्यापर्यंतही धागा पोहोचला. येथे पोलिसांपुढे वेगळीच अडचण होती. इंदूर हे स्वतंत्र संस्थान. ब्रिटिश हद्दीतील पोलिसांना तेथे थेट हात घालता येत नव्हता. संस्थानी हद्दीतील माणसाला ताब्यात घ्यायचे, तर राजनैतिक मार्गानेच जावे लागे.

मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती क्रम्प आणि ज्यूरी यांच्यापुढे १९२५ च्या उन्हाळ्यात खटला चालला. ॲडव्होकेट जनरल जमशेदजी कांगा सरकारतर्फे उभे राहिले. आरोपींच्या बाजूने वेलिणकर, कोलकात्याचे जे. एम. सेनगुप्ता असे नामांकित वकील होते. फणसे यांचे वकीलपत्र बॅरिस्टर महंमद अली जीना यांनी घेतले होते. न्यायालयाबाहेर गर्दी लोटत असे आणि वर्तमानपत्रांचे रकाने या खटल्याने भरून जात. चेहऱ्यावर जखमांच्या खुणा असलेली मुमताज साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली, तेव्हा ज्या गोष्टी राजवाड्याच्या भिंतीआड राहावयाच्या, त्या चारचौघांत आल्या.

निकालात तिघांना फाशीची, तर फणसे यांच्यासह अन्य काहींना जन्मठेपेची शिक्षा झाली. प्रिव्ही कौन्सिलपुढील अपीलही फेटाळले गेले. हल्लेखोरांचे मुमताजशी वैयक्तिक वैर असण्याचे काही कारण नव्हते. त्यांना कोणी तरी पाठविले होते, हे उघड होते. न्यायमूर्तींनीही या हल्ल्यामागे अन्य व्यक्ती असाव्यात आणि संशयाची दिशा इंदूरकडे जाते, असे सूचित केले. मात्र ती व्यक्ती नेमकी कोण, हे निश्चित करण्याइतका पुरावा न्यायालयापुढे नव्हता. महाराज आरोपी नव्हते आणि साक्षीदारही नव्हते.

पडद्यावरचे अपहरण

जो प्रश्न न्यायालयाने खुला सोडला, त्याला लोकांनी आपल्यापरीने उत्तर दिले होते. त्या उत्तराला पडद्यावर आणले ते कोहिनूर फिल्म कंपनीने. द्वारकादास संपत यांची ही मुंबईतील कंपनी मूकपटांच्या जमान्यात आघाडीवर होती. मोहनलाल दवे यांची पटकथा आणि होमी मास्टर यांचे दिग्दर्शन असलेला 'कुलीन कांता' हा मूकपट १९२५ मध्येच, म्हणजे घटनेच्याच वर्षी पडद्यावर आला. दरबारातील एक नर्तकी राजाच्या अंतःपुरातून निसटते, शहरातील एका धनिकाचा आसरा घेते आणि राजाची माणसे तिचा पाठलाग करतात, हा कथाभाग कोणत्या घटनेवर बेतला आहे, हे प्रेक्षकांना सांगण्याची गरज नव्हती.

अपहरण हा विषय आपल्या रंगभूमीला आणि चित्रपटाला नवा नव्हता. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत सौभद्र'मध्ये सुभद्राहरण आहे. दादासाहेब फाळके यांच्यापासून सुरू झालेल्या पौराणिक चित्रपटांच्या लाटेत सीता, रुक्मिणी, द्रौपदी यांच्या कथा पडद्यावर आल्या. काकासाहेब खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर बेतलेला 'सैरंध्री' हा चित्रपट बाबूराव पेंटर यांनी १९२० मध्ये काढला. त्यातही सत्तेच्या जोरावर परस्त्रीवर हक्क सांगणारा पुरुष आणि त्याला नकार देणारी स्त्री हाच संघर्ष होता. पण हे सारे पुराणातले. रथ, मुकुट आणि धनुष्यबाण यांच्या जागी मोटार, पिस्तूल आणि मुंबईचा रस्ता आला, तेव्हा प्रेक्षकांना पडद्यावर आपलाच काळ दिसू लागला. कोहिनूरने आदल्याच वर्षी, १९२४ मध्ये, मुंबईतील एका गाजलेल्या खुनावर 'काला नाग' हा चित्रपट काढला होता. गुन्हा, पाठलाग आणि तपास यांची ही वाट पुढे भारतीय रहस्यपटांनी प्रशस्त केली.

मूकपटाला आवाज नव्हता. प्रसंगांच्या मध्ये येणाऱ्या पाट्यांवरून कथा कळे आणि त्या पाट्या सहसा एकाहून अधिक भाषांत असत. मुंबईत १९२० पासून चित्रपटांवर सेन्सॉर मंडळाची नजर होती. याच कोहिनूरच्या 'भक्त विदुर' (१९२१) या चित्रपटातील विदुरात गांधीजींची छबी दिसल्याने त्यावर काही प्रांतांत बंदी आली होती. अशा वातावरणात एका विद्यमान महाराजांशी नाते सांगणारी कथा पडद्यावर आणणे धाडसाचेच होते.

मात्र या धाडसाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. न्यायालयाला पुराव्याची चौकट पाळावी लागते. चित्रपटाला ती पाळावी लागत नाही. हुकूम कोणी दिला, या प्रश्नाशी न्यायालय थांबले. चित्रपटाला असे थांबून चालत नाही. त्याला खलनायक लागतो. राजाने माणसे पाठविली, असे एकदा पडद्यावर दिसले, की ते पाहणाऱ्याच्या मनात पक्के होते. ज्या माणसाविरुद्ध कोणत्याही न्यायालयात आरोप सिद्ध झाला नाही, त्याच्यावर चित्रगृहात रोज खटला चालला, असेच म्हणावे लागेल. तुकोजीराव निर्दोष होते, असा याचा अर्थ नव्हे. ते दोषी होते, असे म्हणण्याचा अधिकारही चित्रपटाला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. ज्या स्त्रीच्या चेहऱ्यावर वार झाले, जिच्या आश्रयदात्याचा तिच्या डोळ्यांदेखत खून झाला, तिची व्यथा काही महिन्यांतच तिकीट काढून पाहण्याचा विषय झाली. तिला पळवून नेणाऱ्यांना यश आले नाही. तिची कथा मात्र कोणीही उचलून न्यावी, अशी झाली. आजही सत्य घटनेवर आधारित म्हणून येणाऱ्या गुन्हेपटांना आणि मालिकांना हा प्रश्न लागू पडतो.

पायउतार

संस्थानिकावर ब्रिटिश हद्दीतील सामान्य न्यायालयात खटला भरण्याची रीत नव्हती. त्यासाठी चौकशी आयोग नेमला जाई. बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांना १८७५ मध्ये अशाच आयोगाला सामोरे जावे लागले होते आणि नंतर त्यांना पदच्युत करण्यात आले. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या सरकारने तुकोजीरावांपुढे दोन पर्याय ठेवले. आयोगाला सामोरे जावे किंवा गादी सोडावी. तुकोजीरावांनी दुसरा पर्याय निवडला. यापुढे या प्रकरणाची चौकशी होणार नाही, या अटीवर फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी पुत्र यशवंतराव यांच्या नावे राज्यत्याग केला. तेव्हा त्यांचे वय होते ३५ वर्षांचे.

या निर्णयाचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावला गेला. चौकशी टाळली म्हणजे अपराध मान्य केला, असे काहींनी म्हटले. परक्या सरकारने नेमलेल्या आयोगापुढे राजाने उभे राहणे हाच अपमान, असे महाराजांच्या चाहत्यांचे मत होते. इंग्रजांना नकोसा झालेला राजा दूर करण्याची संधी त्यांनी साधली, असे म्हणणारेही होते. यांतील कोणते खरे, हे ठरविण्याचा एकमेव मार्ग म्हणजे चौकशी. आणि ती न करण्याच्या अटीवरच प्रकरण मिटले होते. राजाने गादी गमावली आणि सरकारने डोकेदुखी टाळली. मुमताज आणि बावला यांचे कुटुंबीय मात्र पूर्ण उत्तराविनाच राहिले.

उरलेली ५२ वर्षे

राज्यत्यागानंतर तुकोजीराव अज्ञातवासात गेले नाहीत. दोनच वर्षांनी ते पुन्हा देशभर चर्चेत आले. अमेरिकेतील सिएटलच्या नॅन्सी ॲन मिलर या तरुणीशी त्यांनी विवाह करण्याचे ठरविले. मार्च १९२८ मध्ये नाशिक येथे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनी नॅन्सी यांना हिंदू धर्माची दीक्षा दिली आणि त्या शर्मिष्ठादेवी झाल्या. कर्नल लंभाते यांच्या कुटुंबाने त्यांना कन्या म्हणून स्वीकारून धनगर समाजात स्थान दिले. त्यानंतर नर्मदाकाठी बडवाह येथे हा विवाह झाला. परदेशी स्त्रीने धर्मांतर करून महाराजांशी विवाह करावा, यावर सनातनी आणि सुधारक यांच्यात जोरदार वाद झाला. शर्मिष्ठादेवी मात्र अखेरपर्यंत या घराशी एकनिष्ठ राहिल्या. या दांपत्याला चार कन्या झाल्या.

पुत्र यशवंतराव यांच्या काळात होळकरांचा क्रिकेट संघ रणजी करंडकात गाजला आणि माणिकबाग राजवाडा आधुनिक वास्तुकलेचा नमुना म्हणून ओळखला गेला. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले. १९६१ मध्ये यशवंतराव यांचे निधन झाले. ज्या मुलासाठी गादी सोडली, त्या मुलाचा मृत्यू पाहण्याचे दुःख तुकोजीरावांच्या नशिबी आले. २१ मे १९७८ रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. ८७ वर्षांच्या आयुष्यातील ५२ वर्षे त्यांनी माजी महाराज म्हणून काढली होती. मुमताजच्या आयुष्याची नोंद खटल्यानंतर पुसट होत जाते. बावला यांचे नाव तेवढे खटल्याच्या शीर्षकात राहिले.

न मिळालेले उत्तर

'कुलीन कांता' आज पाहावयास मिळत नाही. मूकपटांच्या युगातील बहुतांश चित्रपटांच्या प्रती काळाच्या ओघात नष्ट झाल्या. पडद्यावर राजा कसा दाखविला होता, अपहरणाचा प्रसंग कसा चित्रित केला होता, हे पाहून पडताळण्याची सोय उरलेली नाही. खटल्याने मात्र लोकांचे कुतूहल अजूनही सोडलेले नाही. पत्रकार धवल कुलकर्णी यांनी २०२१ मध्ये या खटल्यावर इंग्रजीत स्वतंत्र पुस्तक लिहिले.

शंभर वर्षांनंतर या प्रकरणाकडे पाहताना तुकोजीरावांना केवळ खलनायक ठरविणे जितके सोपे, तितकेच त्यांना कटाचे बळी ठरविणेही सोपे आहे. इंदूर घडविणारा राजा आणि ज्याच्या दरबारातून पळून जाणे एका स्त्रीला आवश्यक वाटले तो राजा, ही दोन माणसे नव्हती. त्यांनी हुकूम दिला होता की नाही, हे सांगणारा पुरावा पुढे आला नाही. पण राजाची मर्जी हाच कायदा मानणारी व्यवस्था त्यांच्या भोवती होती, तिचे ते प्रमुख होते आणि तिची जबाबदारी त्यांना टाळता येत नव्हती.

थाळनेरच्या किल्ल्याचे आता मोजके अवशेष उरले आहेत. बुरुजांखालून तापी वाहते. धन्याच्या आणि इंग्रजांच्या तहात सापडलेल्या किल्लेदाराने येथे फास गळ्यात घालून घेतला. मुंबईत फासावर चढलेल्या आरोपींचा गुन्हा निःसंशय सिद्ध झाला होता. त्यांची आणि त्या किल्लेदाराची तुलना होणार नाही. पण दोन्ही प्रकरणांत शिक्षा हुकूम पाळणाऱ्यांपाशी येऊन थांबली. रहस्यपटाच्या शेवटी मुखवटा उतरतो आणि प्रेक्षक समाधानाने घरी जातो. बावला खून खटल्यात तसा शेवट झाला नाही. मुमताजने मोटारीतून उतरण्यास नकार दिला नसता, तर हा प्रश्न विचारलाही गेला नसता. त्या संध्याकाळी ठाम राहिली ती एकटी मुमताज आणि तिच्या बाजूने उभे राहिलेले काही जण. त्या एका नकाराने एका राजाला प्रश्न विचारता येतो, हे साऱ्या देशाला दिसले.